रक्तदानाचा अर्ज, कलम १२ आणि आयुष्यभराचा नकार

ताशावाला

आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर गणपतीत असतं आणि गेली बरीच वर्षं ती जबाबदारी माझ्या गळ्यात आहे. रक्तपेढीशी बोलणं, शाळेचा हॉल मिळवणं, पंखे, चहा-बिस्किटं, शिवाय आदल्या रात्री सजावटीवर जागलेल्या पोरांना दमात घेऊन आणणं. मी स्वतः मात्र खाटेवर आडवा होत नाही. गोळ्या चालू आहेत, परवाच दात काढलाय, जागरण झालंय अशी कारणं आलटून पालटून वापरतो. खरं कारण असं की मी गे आहे आणि नियमानुसार मला रक्त देता येत नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही.

बहुतेकांना हे ठाऊकच नसतं, म्हणून थोडं सविस्तर. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये रक्तदात्याच्या निवडीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कलम १२ नुसार एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी यांचा 'धोका असलेली' व्यक्ती रक्तदाता असू नये. पुढे यादी आहे: पारलिंगी व्यक्ती, पुरुषांशी शरीरसंबंध असलेले पुरुष, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईने नशा करणारे, एकापेक्षा जास्त जोडीदार असलेले. कलम ५१ या मंडळींना कायमचं बाद करतं. गोंदवून घेतलंत तर वर्षभर थांबा. मलेरिया झाला तर बरं झाल्यावर तीन महिने थांबा. मी कशासाठी आणि किती थांबायचं?

माझा एकच जोडीदार आहे, २०१६ पासून आम्ही एकत्र राहतो. दोघांच्या तपासण्या झालेल्या आहेत. आमच्याच मंडळात एक मित्र आहे, ज्याच्या बँकॉकच्या सहलीचे किस्से अख्ख्या पेठेला पाठ आहेत. सहलीहून आल्यावर त्याच महिन्यात त्याने रक्त दिलं, खाटेवरून अंगठा वर केलेला फोटो स्टेटसला टाकला. अर्जावर त्याच्या सगळ्या उत्तरांपुढे 'नाही'.

नियम काढून टाका असं माझं म्हणणं नाही. माणूस कोण आहे ते विचारू नका, गेल्या काही महिन्यांत त्याने काय केलं ते विचारा, आणि सगळ्यांना विचारा. इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, परदेशात राहणारे आहेत. मला माहिती हवी आहे. सहानुभूती नको, ती घरी भरपूर आहे.

चहाबाज

कॉलेजपासून रक्त देतोय, पण अर्ज कधी वाचला नाही हे तुमच्या धाग्यामुळे लक्षात आलं. पाठीमागे बारीक अक्षरात काहीतरी असतं, आपण खाली सही ठोकतो. तोंडी कुणी विचारतं का हे? मला तरी 'काल रात्री दारू घेतली का, सकाळी नाश्ता केला का' यापलीकडे कुणी काही विचारलेलं आठवत नाही.

ताशावाला

@चहाबाज, विचारायला हवं, पण शिबिरात विचारणार कसं? एक टेबल असतं. तिथे डॉक्टर रक्तदाब बघतात. बाजूला बोटाला टोचून रक्ताचा थेंब त्या निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडतात, बुडाला की हिमोग्लोबिन ठीक. मागे रांग, रांगेत तुमचाच चुलतभाऊ, शेजारचे काका आणि मंडळाचा अध्यक्ष. त्या टेबलावर कोण माई का लाल 'हो, माझे पुरुषांशी संबंध आहेत' म्हणेल?

लॅबवाली

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. कुठल्या ते सांगत नाही. नियमाची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितेय, नंतर माझी तक्रारही सांगते.

प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या सक्तीच्या असतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया. लोक म्हणतात, तपासताच ना, मग खासगी प्रश्न कशाला? विंडो पिरियडमुळे. लागण झाल्यावर काही दिवस विषाणू रक्तात असतो पण तपासणीत सापडत नाही. चांगल्या एलिझाला, म्हणजे नेहमीच्या रक्ततपासणीला, एचआयव्ही पकडायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. नॅट, म्हणजे थेट विषाणूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत तो काळ आठ-दहा दिवसांवर येतो. शून्यावर कुठलीच तपासणी आणत नाही. शिवाय नॅट देशभर सक्तीची नाही. काही रक्तपेढ्या करतात, त्याचे जादा पैसे रुग्णाच्या बिलात लागतात, बऱ्याच जणी करतच नाहीत. एका पिशवीचे लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे भाग होतात, म्हणजे निसटलेली एक पिशवी दोन-तीन माणसांना बाधू शकते. २०११ मध्ये गुजरातेत जुनागढला थॅलेसेमियाची (या रक्ताच्या आजारात सतत रक्त चढवावं लागतं) २३ मुलं एचआयव्हीबाधित निघाली होती, ते आमच्या क्षेत्रात कुणी विसरलेलं नाही.

आकड्यांचंही सांगते. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्के धरतात. नॅकोच्या पाहणीत पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांमध्ये ते तीन टक्क्यांच्या वर आहे. हा फरक पंधरा पटीचा आहे. नियम करणाऱ्यांनी तो बघूनच कलम लिहिलं. सगळं द्वेषातून आलंय असं मला वाटत नाही.

आता तक्रार. शिबिरातून अर्जांचा गठ्ठा येतो तेव्हा कधीकधी लागोपाठच्या अर्जांवर एकाच पेनाने, एकाच हाताने केलेल्या 'नाही'च्या खुणा असतात. कार्यकर्त्यांनी 'वेळ वाचावा' म्हणून आधीच भरून ठेवलेल्या! दात्याने फक्त नाव आणि सही करायची. त्या कागदावर कलम १२ असलं काय नि नसलं काय. आणि पिशव्या टाकाव्या लागतात त्या एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटिस बी मुळे जास्त, आणि त्या चारचौघांसारख्या संसारी माणसांच्या असतात.

तर्कटशास्त्री

लॅबवालींच्या प्रतिसादाच्या पूर्वार्धाशी शंभर टक्के सहमत. रक्तदान हा कुणाचा हक्क नाही. सुरक्षित रक्त मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. ४५ किलोच्या आतल्यांना घेत नाहीत, पासष्टी ओलांडलेल्यांना घेत नाहीत, ते काय भेदभाव म्हणून कोर्टात जातात? ज्या गटात प्रमाण पंधरा पट, त्याला वगळलं तर बिघडलं कुठे? उगाच प्रत्येक गोष्टीचा अस्मितेचा प्रश्न करायची फॅशन आहे.

ताशावाला

@तर्कटशास्त्री, रक्त देणं हा हक्क नाही हे मान्य. पण नकाराचं कारण तरी बरोबर असावं की नाही? पासष्टीच्या माणसाला परत पाठवताना कुणी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघत नाही, आणि ते ऐकून त्याच्या आईला शेजारीपाजारी काही विचारत नाहीत.

तीन टक्क्यांबद्दल. हे नमुने बहुतांशी जिथे नॅकोचे प्रकल्प चालतात तिथून घेतलेले असतात, म्हणजे मुळात ज्यांना जोखीम जास्त म्हणून शोधून काढलंय त्यांच्यातून. घरात जोडीदाराबरोबर वर्षानुवर्षं राहणारा माणूस त्या पाहणीत सहसा येतच नाही. आकडा खोटा नाही. तो माझ्यावर जसाच्या तसा चिकटवणं चूक आहे. आणि तो तसाच धरला तरी शंभरातल्या शहाण्णव-सत्त्याण्णव जणांना लागण नाही, त्यांना आपण जन्मभर बाद करतो. उलट गेल्या पंधरवड्यात धोका पत्करलेल्या बाहेरख्याली गड्याला आपलीच माणसं हात धरून खाटेपर्यंत नेतात. विंडो पिरियड त्याला नसतो का?

कोर्टकचेरी

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१७ ची तत्त्वं आली तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जिवंत होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज सिंग जोहर खटल्याच्या निकालाने दोन प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्याच्या बाहेर आले. रक्तदानाचं कलम मात्र जागचं हललं नाही.

२०२१ मध्ये मणिपूरच्या पारलिंगी कार्यकर्त्या सांता खुराई यांनी (याचिकेवर नाव थंगजम सांता सिंग) सर्वोच्च न्यायालयात कलम १२ आणि ५१ ला आव्हान दिलं. कोर्टाने केंद्राला नोटीस काढली, पण अंतरिम स्थगिती दिली नाही. २०२३ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात नियमाचं समर्थन केलं. मुद्दा साधारण लॅबवालींनी मांडला तोच: या गटांत प्रमाण जास्त असल्याचे पुरावे आहेत आणि हा निर्णय तज्ज्ञांचा आहे. २०२४ मध्ये शरीफ रांगणेकर यांची याचिका आली, त्यावरही नोटीस निघाली. मे २०२५ मध्ये न्या. सूर्यकांत यांच्या खंडपीठाने केंद्राला सांगितलं की वैद्यकीय सुरक्षितता राखूनही एका सबंध समाजावर शिक्का बसणार नाही असं काही करता येतं का, यावर तज्ज्ञांचं मत घ्या.

माझं मत: 'हक्क' या शब्दावर हा खटला लढवू नये, तर्कटशास्त्रींसारखे लोक तिथेच धरतात. समानतेचं अनुच्छेद १४ पुरेसं आहे. ज्या हेतूसाठी वर्गीकरण केलं तो हेतू त्याने साधतो का, एवढं विचारा. साधत नसेल तर वर्गीकरण टिकत नाही.

लीड्सकर

इकडचं सांगतो. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकापासून गे पुरुषांवर आजन्म बंदी होती. २०११ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्सने ती बारा महिन्यांवर आणली, २०१७ मध्ये तीन महिन्यांवर. मग १४ जून २०२१ पासून, रक्तदाता दिनाचा मुहूर्त साधून, 'तुम्ही पुरुषाशी संबंध ठेवता का' हा प्रश्नच अर्जातून गेला. आता बाई-पुरुष, गे-स्ट्रेट सगळ्यांना एकच विचारतात: गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार किंवा एकापेक्षा जास्त जोडीदार होते का? असतील, तर गुदमैथुन झाला का? हो म्हटलंत की तीन महिन्यांनी या. जुना एकच जोडीदार असेल तर या, झोपा.

पहिल्यांदा मी नि बायको रक्त द्यायला गेलो तेव्हा तिला हे वाचून घाम फुटला. पण प्रत्येक जण एकटा बसून भरतो, कुणी वाकून बघत नाही. आता तिला काही वाटत नाही.

अमेरिकेची कथा जास्त विचित्र. तिथे १९८५ पासूनचा नियम असा होता की १९७७ नंतर एकदाही पुरुषाशी संबंध आला असेल तर आजन्म बाद. एकदाही! २०१५ ला बारा महिने झाले. एप्रिल २०२० मध्ये करोनाने शिबिरं बंद पडली, रक्ताचा खडखडाट झाला, आणि बाराचे तीन महिने झाले. मे २०२३ मध्ये त्यांनीही सगळ्यांना सारखे प्रश्न विचारायची पद्धत स्वीकारली. कॅनडा २०२२, फ्रान्स २०२२. इटलीने तर २००१ मध्येच केलं होतं.

तर्कटशास्त्री

युरोपचं कौतुक पुरे. तिथे एचआयव्ही कमी, पैसा जास्त, प्रत्येक पिशवीची नॅट होते. भारताशी तुलना होत नाही.

लीड्सकर

बरं, मग दक्षिण आफ्रिका घ्या. जगात सर्वात जास्त एचआयव्हीबाधित लोक त्या देशात आहेत. त्यांनी २०१४ मध्ये गे पुरुषांसाठीचा वेगळा नियम काढला आणि नवा जोडीदार किंवा अनेक जोडीदार हा निकष सगळ्यांना सारखा लावला. त्यांचा विचार सरळ होता: जिथे रोग सगळ्या समाजात पसरलाय तिथे गट वगळून रक्त शुद्ध होत नाही, प्रत्येकाची जोखीमच बघावी लागते.

लॅबवाली

@लीड्सकर, उदाहरण चोख आहे, पण त्याचा अर्धाच भाग सांगितलात. दक्षिण आफ्रिकेत २००५ पासून प्रत्येक पिशवीची स्वतंत्र नॅट होते. आधी तपासणी आली, मग नियम बदलला. आपल्याकडे कुणी उद्या अर्जातली ओळ बदलून टाळ्या घेईल आणि नॅटचा खर्च कुणाच्याच बजेटमध्ये नसेल, तर मला भीती वाटते. दोन्ही एकत्र मागा. आणि तोवर जोखमीचे प्रश्न सगळ्यांना, आडोशाला बसवून विचारायला काहीच खर्च येत नाही. पडदा लावायला कुठल्या तज्ज्ञ समितीची परवानगी लागते? @ताशावाला, शिबिराच्या आयोजकांनी मागितलं तर रक्तपेढी समुपदेशक पाठवते. तुम्ही मागत नाही, कारण रांग लांबते आणि पाहुणे नेते खोळंबतात. खरं की नाही?

ताशावाला

खरं आहे. यंदा मांडववाल्याला कापडी आडोसा सांगतो, आणि अर्ज आधी भरून ठेवणाऱ्यांचा बंदोबस्त करतो. आकडा कमी भरला तर अध्यक्ष मला फाडून खातील, बघू.

नाव_नको_विचारू

वाचनमात्र होतो, यासाठी आयडी काढला.

मी लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. पुरुषांशीही संबंध आहेत, घरी माहीत नाही. मागच्या वर्षी सासऱ्यांचं बायपास होतं. हॉस्पिटलने सांगितलं, रक्त देतो पण बदल्यात दाते आणा. मेहुणा, साडू, मी, सगळे एका गाडीतून गेलो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? त्या अर्जावर मी 'नाही' लिहिलं आणि रक्त दिलं. तीन महिन्यांपूर्वी तपासणी केलेली होती, ती निगेटिव्ह होती, मध्ये काही घडलेलं नव्हतं. तरी ते रक्त ज्याला गेलं त्याचा विचार अधूनमधून येतो.

मला कुणी 'गेल्या तीन महिन्यांत नवीन जोडीदार?' असं विचारलं असतं तर मी खरं उत्तर देऊ शकलो असतो. उत्तर 'नाही'च होतं. पण अर्ज विचारतो तू कोण, आणि त्याचं खरं उत्तर मी साडूच्या शेजारी बसून कागदावर लिहू शकत नाही.

चहाबाज

वरच्या प्रतिसादाने मुद्दा संपवला खरं तर.

अवांतर: पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १९९८ पासून बंदी आहे ना? कॉमन कॉज खटला. मग 'बदल्यात दाते आणा' अजून चालतं कसं? तीही जबरदस्तीच की.

कोर्टकचेरी

@चहाबाज, १९९६ चा निकाल, १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदाते बंद. बदली दाता हा त्यात सापडत नाही, कारण कागदोपत्री तो स्वेच्छेने आलेला असतो. धोरण म्हणून शंभर टक्के ऐच्छिक रक्तदान हवं असं सरकार २००२ पासून म्हणतंय.

आणि @नाव_नको_विचारू, इथे तुमची ओळख पटेल असं यापुढे काही लिहू नका. खोटी माहिती देऊन रक्त दिल्याचं जाहीर लिहिणं शहाणपणाचं नाही.

संपादक

या धाग्यावरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. सभासदाच्या लैंगिकतेवर, लग्नावर किंवा बायकोवर शेरे मारणारे आयडी गोठवले जातील. चर्चा चांगली चालली आहे, ती चालू द्या.

दर_एकवीस_दिवसांनी

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. तो आठ महिन्यांचा असल्यापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं, आता तो अकरावीत आहे. या धाग्यात 'रुग्णाचा हक्क' बऱ्याच जणांनी तोंडी लावला आहे, म्हणून रुग्णाच्या घरातून लिहिते.

जुनागढची बातमी आली तेव्हा मी रात्रभर झोपले नव्हते. आजही वर्षातून दोनदा त्याची एचआयव्ही आणि काविळीची तपासणी करतो, रिपोर्ट हातात येईपर्यंत मी कुणाशी धड बोलत नाही. त्यामुळे नियम सैल करा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, हे आधी सांगते. तुम्हाला राग आला तरी चालेल.

पण उन्हाळा काय असतो ते आम्हाला विचारा. कॉलेजं बंद, लोक गावी, शिबिरं नाहीत. एप्रिल-मेमध्ये आम्ही आया एकमेकींना फोन करतो, तुझ्याकडे बी पॉझिटिव्हचं कुणी आहे का. तेव्हा रक्तपेढीवाले पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिराची वाट बघतात. तिथे हजारांनी येतात, बक्षिसं वाटायला मनाई असूनही हातात काही ना काही पडतं. त्या गर्दीत अर्ज कोण वाचतं? लॅबवालींनी एकाच पेनाच्या खुणांचं सांगितलं ते वाचून मला ताशावाल्यांची भीती वाटली नाही, त्या पेनाची वाटली.

माझ्या मुलाच्या पिशवीमागचा माणूस कुणावर प्रेम करतो याच्याशी मला देणंघेणं नाही. तो विंडोमध्ये आहे का, एवढंच कळायला हवं. आणि ते त्याला खरं सांगता आलं तरच मला कळणार. नाव_नको_विचारू यांचा मला राग यायला हवा होता, पण गाडीत साडूशेजारी बसलेल्या माणसाला आपण दुसरा रस्ता तरी कुठे ठेवला?

नॅट सक्तीची करा, यासाठी कुणी याचिका करत असेल तर माझी सही पहिली.

तर्कटशास्त्री

ताईंच्या प्रतिसादापुढे काही बोलत नाही. एक शंका राहते. 'तीन महिन्यांत नवा जोडीदार' हा प्रश्न आपल्याकडे अविवाहित मुलीला, सासूबरोबर आलेल्या सुनेला विचारला तर दाते कमी होणार नाहीत? ब्रिटन वेगळं.

लॅबवाली

@तर्कटशास्त्री, होतील, काही होतील. त्यावर एक जुना उपाय आहे: रक्त दिल्यावर दात्याला गुपचूप सांगता येतं की 'माझं वापरू नका'. चिठ्ठीने किंवा फोनवर, फक्त पिशवीचा नंबर सांगायचा, आम्ही पिशवी बाजूला काढतो. सुनेलाही चालतं, साडूलाही. किती शिबिरांत हे सांगितलं जातं ते मात्र विचारू नका.

आणखी एक, कारण व्यक्तिगत संदेशात दोघांनी विचारलंय. एचआयव्ही होऊ नये म्हणून प्रेपच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देऊ नका, मग तुम्ही गे असा, नसा. गोळ्या चांगल्या आहेत, चालू ठेवा, पण त्यांच्यामुळे नवी लागण तपासणीत उशिरा दिसू शकते. ब्रिटनमध्येही शेवटच्या गोळीनंतर तीन महिने थांबवतात.

पाहुणा_७

विषयाला थोडं सोडून. परवा रात्री कंडोम फाटला. शनिवारी कंपनीत शिबिर आहे. तिथे रक्त दिलं तर एचआयव्हीची तपासणी आपोआप होईल, बाहेर लॅबमध्ये नाव द्यायला नको, म्हणून जावं म्हणतोय. रिपोर्ट कळवतात ना?

लॅबवाली

@पाहुणा_७, अजिबात जाऊ नका. शनिवारी तुम्ही बरोबर विंडोमध्ये असाल. तपासणी निगेटिव्ह येईल, तुम्ही निर्धास्त व्हाल आणि पिशवी रुग्णाकडे जाईल.

आत्ता काय करायचं ते ऐका. परवा रात्र म्हणजे अजून ७२ तास उलटलेले नाहीत. आजच, उद्या नाही, सरकारी रुग्णालयात किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्हीवर औषधं देणारं केंद्र) जा आणि डॉक्टरांना पीईपी गोळ्यांबद्दल विचारा, म्हणजे धोका घडून गेल्यावर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्या. त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्यायच्या असतात. तपासणी सरकारी आयसीटीसी केंद्रात (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र) फुकट होते, माहिती गुप्त ठेवतात, आणि पुन्हा कधी यायचं ते तेच सांगतात. केंद्र कुठे आहे माहीत नसेल तर १०९७ वर फोन करा, नॅकोची मोफत हेल्पलाइन आहे. शनिवारी कंपनीत 'सर्दी झालीये' म्हणा.